हवालदार उत्तय्यांची फिल्टर परेड

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची कंपनी वाशीमच्या बाजूने हिंगोलीत उतरली. फौजेत मागून पोस्टिंग मिळत नाही. मी इजिप्तची वाळू पाहिली, इटलीचा चिखल पाहिला, आणि आठ वर्षांनी न मागता माझ्याच मुलखात, माझ्याच कयाधूच्या काठी राहुटी ठोकायला आलो. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. आज लोक सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी शेताला घेतात. तेव्हा ते धरणही नव्हतं आणि धड रस्ताही नव्हता. काळी माती, डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, मधूनच कापूस. लॉरीचं चाक रुतलं की अर्धा दिवस गेलाच म्हणायचा.

मी बळीराम, हुद्दा तेव्हा नाईक. गाव सेनगावच्या अलीकडे, नदीला लागून. निजामाच्या राज्यातली आम्ही पोरं भरती व्हायला सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जायचो. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त दादाला, म्हणजे थोरल्या भावाला ठाऊक होतं. त्यानेच मला बैलगाडीने वाशीमपर्यंत पोचवलं आणि परत जाऊन आईच्या शिव्या खाल्ल्या.

हे सांगायला बसलो त्याचं कारण कॉफी. सकाळी कॉफी पिताना मी कुणाशी बोलत नाही. पेला एकदा जमिनीवर ठेवतो, तोंडातल्या तोंडात एक शब्द म्हणतो, मग उचलून पितो. सूनबाई म्हणते, मामंजी कॉफीला नैवेद्य दाखवतात. नातवंडं माझी नक्कल करतात आणि चांगली करतात. शेजारचे मास्तर एकदा म्हणाले, हा काय प्रकार आहे ते कधीतरी सांगा. सांगतो.

आमच्याकडे कॉफी हे आजारी माणसाचं पेय. ताप उतरल्यावर जायफळ उगाळून घोटभर द्यायची. धडधाकट माणूस रोज कॉफी पितो हे मी पहिल्यांदा पाहिलं ते इटलीत, हवालदार उत्तय्यांच्या राहुटीत. आमच्या कंपनीत सगळ्या मुलखांची माणसं होती. हवालदार कुर्गचे. उंच, सावळे, बोलायला कमी. घरच्या झाडांची कॉफी त्यांना पार्सलने येई. भाऊ बी भाजून पाठवायचा, हे हातचक्कीवर दळायचे. पिठूत, म्हणजे पाठीवरच्या झोळीत, इतर सामानाबरोबर एक पितळी फिल्टर कायम असे. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. वर पूड, पुडीवर उकळतं पाणी, आणि खाली थेंब थेंब काळा अर्क. त्यात गूळ घालायचा. दूध मिळालं तर मिळालं.

अर्क उतरायला वेळ लागतो. घाई करून पाणी ओतत राहिलं तर नुसतं काळं पाणी हाती येतं. त्या वेळात गप्पा मारायच्या नाहीत, असा हवालदारांचा नियम होता. पहिल्या दिवशी मी बोलायला लागलो तर त्यांनी बोट वर केलं आणि फिल्टरकडे दाखवलं. पुढे सेक्शनमधल्या, म्हणजे आमच्या दहाएक जणांच्या तुकडीतल्या, पोरांनी या प्रकाराला फिल्टर परेड नाव ठेवलं.

परेड अशी. थेंब पडत असताना प्रत्येकाने मनात दोन गोष्टी पाहायच्या. आज काय काय बिघडू शकतं? आणि त्यातलं माझ्या हातात काय आहे? कॉफी पेल्यांत ओतली की एकेकाने तोंड उघडायचं, पण सांगायची ती फक्त आपल्या हातात नसलेली एक गोष्ट. कुणी म्हणायचा पाऊस. कुणी म्हणायचा दुश्मनाची तोफ. एक जण रोज म्हणायचा, कंपनी कमांडरचा मूड. म्हणून झालं की पेला जमिनीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "रखा." म्हणजे ते ओझं खाली ठेवलं. मग रिकाम्या हाताने पेला उचलायचा आणि गरम कॉफी प्यायची. हातात असलेली गोष्ट बोलून दाखवायची नाही, ती दिवसभरात करून दाखवायची. शेवटची पाळी हवालदारांची.

ही कल्पना त्यांना कुठून आली तेही सांगतो. इटलीत लष्करी शाळेचा एक म्हातारा गोरा सार्जंट आम्हाला रविवारी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला यायचा. त्याने सांगितलं की याच मुलखात जुन्या काळी एक रोमन बादशहा होता. लढाईवर असतानाही तो तंबूत एकटा बसून स्वतःला बजावायचा, की आज तुला वाईट माणसं भेटतील, तुझं काम तू कर, बाकीचं तुझं नाही. आम्ही निम्मे डुलक्या काढत होतो. हवालदारांनी तेवढं उचललं आणि कॉफीला जोडून टाकलं. मी एकदा शंका काढली, "उस्ताद, वो बादशहा तो कॉफी नहीं पीता था."

हवालदार म्हणाले, "इसीलिए उसको रोज समझाना पडता था."

मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. कॉफी फुकट मिळते म्हणून बसायचो. पण एका नदीवर पूल बांधताना वरून तोफगोळे पडत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या सेक्शनचे हात थरथरत नाहीत. शेजारच्या सेक्शनचे थरथरत होते. त्या दिवसापासून मी परेडला हसलो नाही.

हिंगोलीत आमचा मुक्काम गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये होता. कापूस ठेवायच्या शेडमध्ये आम्ही, बाहेर लॉऱ्या. काम ठरलेलं. सकाळी पीटी, हत्यारांची सफाई, मग गावोगाव फिरून बंदुका आणि तलवारी गोळा करायच्या, पळून गेलेल्या लोकांना परत घरी आणून सोडायचं. लोक आम्हाला हार घालायचे. म्हाताऱ्या बाया हात धरून रडायच्या. मला हार नको वाटायचा, कारण मी आठवडाभर थांबूनही घरी गेलो नव्हतो. घरी जाण्यासारखं काही नव्हतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळी आमच्या गावात शिरली होती. घरं जाळली. दादाने गोठ्यातली जनावरं सोडली आणि मागच्या दाराने आई आणि वहिनीला काढून दिलं. स्वतः निघायच्या आत ते आले. दादाला दारात मारलं. आई आणि वहिनी चालत सरहद्द ओलांडून वाशीमकडच्या छावणीत पोचल्या. मला ही बातमी महिनाभराने कळली, मामांकडून. टोळीला गावातली घरं कुणी दाखवली, तेही मामांनीच सांगितलं. आमच्या भागात बांगड्या विकणारा एक मनियार होता. वर्षानुवर्षं प्रत्येक घराच्या ओसरीवर बसलेला. दादाच्या लग्नात वहिनीला चुडा त्यानेच भरला होता.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनी कमांडरसाहेबांनी हवालदारांना आणि मला बोलावलं. नकाशावर एका गावावर बोट ठेवलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आज भली माणसं राहतात. माझ्या गावापासून ते चार कोसांवर. त्या गावात आजूबाजूची काही मुसलमान कुटुंबं कापसाच्या गोदामात जमा झाली होती. विणकर, तांबोळी, शेतमजूर, बायका, लेकरं. उन्हाळ्यात जे झालं त्याचा बदला त्यांच्यावर काढायचा, अशी बोलणी आसपास सुरू होती.

साहेब म्हणाले, "एक सेक्शन घेऊन जा. सिव्हिलचे अधिकारी लॉऱ्या घेऊन येतील आणि त्यांना हिंगोलीला आणतील. तोपर्यंत कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. एनी क्वेश्चन?"

"नो, साब," हवालदार म्हणाले.

आम्ही दुपारी पोचलो. गोदाम गावाबाहेर, समोर मोकळं मैदान, मैदानाच्या कडेला एक जुनी बाभूळ, आणि बाभळीपलीकडे लगेच ज्वारी. हवालदारांना ज्वारी आवडली नाही. आत उभा माणूसही दिसत नाही. त्यांनी ब्रेन गन, म्हणजे सेक्शनची हलकी मशीनगन, गोदामाच्या ओट्यावर लावली, बाकीच्यांना दोन बाजूंना पसरवलं, वायरलेस सेट आत ठेवला. मी आत जाऊन माणसं पाहून आलो. कोपऱ्यात एक दाढी वाढलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी पाणी पाहिजे का विचारलं. त्याने "नको" म्हटलं आणि मी मनियाराचा आवाज ओळखला. मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानेही मला ओळखलं. मी दादासारखाच दिसतो.

मी बाहेर आलो आणि हवालदारांना सगळं सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण फौजेत वर सांगायची सवय असते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तुमको वापस भेज दूँ? पेट का दर्द लिख देंगे. कोई नहीं पूछेगा."

"नहीं, उस्ताद."

"पक्का?"

"मी गेलो तर माझ्या जागी कोण उभा राहील? इथली बोली कुणाला येत नाही." हे मी त्यांना मोडक्या हिंदीत सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं. कशासाठी, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. आजही ते मी कुणाला खात्रीने सांगू शकणार नाही.

संध्याकाळी किसनमामा आले. माझ्या आईचे धाकटे भाऊ. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी. मला लहानपणी खांद्यावर घेऊन कयाधूच्या डोहात उतरायचे ते हे. मी हवालदारांची परवानगी घेऊन मैदानात त्यांना भेटलो. पाया पडलो. त्यांनी माझ्या बाहीवरची नाईकाची फीत चाचपून पाहिली.

"बरा हाईस ना रे, बळी?"

"बरा हाय, मामा. आई कशी हाय?"

"हाय. बोलत न्हाई जास्त." मग त्यांनी गोदामाकडे मान वळवली. "तो आत हाय ना?"

मी उत्तर दिलं नाही.

"म्हंजे हाय. बळी, उद्या सकाळी लोकं येऊन राहिले. आपलेच हायेत समदे. बायालेकरांना कोणी हात लावणार न्हाई, ते म्या पाहतो. आमाला तेवढा एक पायजे."

"न्हाई, मामा. हुकूम हाय. कोणी आत यायचं न्हाई."

"काहून? तुहा भाऊ व्हता तो!"

"मला माहीत हाय कोण व्हता ते."

मामा जरा जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "म्या तुला तकलीफ देत न्हाई. तू बंदूक खाली टाक म्हणून राहिलो का? सकाळी तुमी समदे कॉपी पीत बसता म्हनं. गावातले पाहून आले, मागच्या गावात तुमी तसंच करत व्हता. तसेच बसा. कोणीकडं पाहू नका. बाकी आमी पाहून घेऊ."

"न्हाई म्हंतो ना, मामा. येऊ नका. गोळी चालंल."

मामा हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. "तू असंच म्हणणार. वर्दी घातली हाय तुवा. इथं उभं राहून दुसरं काय म्हणशील? म्या समजलो."

मी पुन्हा नाही म्हटलं. ते मान हलवत निघून गेले. मी हवालदारांना शब्द न् शब्द सांगितला. त्यांनी वायरलेसवर कंपनीला खबर दिली; बेकर वन हे कंपनीचं खुणेचं नाव. "हॅलो बेकर वन. सकाळी जमाव येण्याची शक्यता. लॉऱ्या लवकर पाठवा. ओव्हर." तिकडून उत्तर आलं, लॉऱ्या दुसऱ्या गावी अडकल्यात, पहाटे निघतील, दुपारपर्यंत पोचतील. आउट.

पहाटे स्टँड टू झालं, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन आपापल्या जागी. उजाडलं. धुकं होतं, ज्वारी ओली होती. काही हालचाल नव्हती. हवालदारांनी ब्रेन गनवर रत्नागिरीकडच्या शिपाई धोंडूला ठेवलं, दोघांना बाजूंना, आणि उरलेल्यांना ओट्याच्या पायरीशी बोलावलं. फिल्टर काढला. मी म्हणालो, आज राहू द्या. ते म्हणाले, "आज तो जरूर."

त्या सकाळी अर्क फार हळू उतरतोय असं मला वाटलं. आतून एका लेकराच्या रडण्याचा आवाज येत होता. कुणीतरी त्याला थोपटत होतं. मी पहिली गोष्ट पाहिली. आज काय बिघडू शकतं? सगळंच. दुसरी पाहिली. माझ्या हातात काय? रायफल, आणि त्या दाराचा कोयंडा. रात्री पहाऱ्यावर मी दोनदा त्या दारापाशी थांबलो होतो. दोनदा पुढे गेलो होतो.

पेले भरले. गुळाचा वास आला. पोरं एकेक करून बोलली. ज्वारी. धुकं. लॉऱ्यांचा उशीर. प्रत्येकाने पेला ठेवला, "रखा" म्हटलं. माझी पाळी आली. मी इतकी वर्षं पाऊस आणि रस्ते यांच्यावर निभावून नेलं होतं. त्या दिवशी म्हणालो, "मेरा भाई वापस नहीं आयेगा."

पेला खाली ठेवताना थोडी कॉफी सांडली.

"रखा," मी म्हणालो.

रडू आलं. आठ वर्षांच्या नोकरीत आणि बातमी कळल्यावरही आलं नव्हतं, ते तिथे आलं. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मला तेवढी जागा दिली. मी तोंड पुसलं, पेला उचलला आणि प्यायलो. मग त्यांची पाळी. त्यांनी पेला हातात घेतला, तोंड उघडलं, आणि धोंडू ओट्यावरून ओरडला, "उस्ताद, सामने!"

ज्वारीतून माणसं बाहेर आली. बाभळीच्या रेषेत थांबली. कुऱ्हाडी, भाले, विळे, काठ्या. पुढे किसनमामा. त्यांच्या मागे माझ्या गावचे, शेजारच्या गावचे चेहरे. कित्येकांना मी नावाने ओळखत होतो. आम्ही पळत आपापल्या जागी गेलो. हवालदार पळाले नाहीत. त्यांनी मला सांगितलं, "सेक्शन तुम्हारा. मेरे ऑर्डर बिना फायर नहीं." आणि ते मैदानात चालत गेले. रायफल पायरीशीच राहिली. पेला हातात तसाच होता.

ते बाभळीजवळ पोचले. मला ऐकू येत होतं. ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, "वापस जाओ. मेरा हुकूम है. मेरा आदमी गोली चलायेगा. मैं नहीं चाहता."

मामा काही बोलायला लागले. तेवढ्यात मागून, ज्वारीच्या आतून, ठासणीच्या बंदुकीचा बार झाला. कुणी केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित घाबरून झाला असेल. हवालदार एक पाऊल मागे आले आणि खाली बसले. पेला हातातून सुटला.

धोंडूने गन वळवली. "फायर?"

"थम!" मी ओरडलो. "सेक्शन, भर! मेरे हुकूम पर!"

बोल्ट ओढल्याचे आवाज आले. जमाव हलला, निम्मा पुढे, निम्मा मागे. मी ओट्यावरून उतरून मैदानात आलो. रायफल खांद्याला लावली आणि माझ्या बोलीत, गावात ज्या आवाजात हाक मारतात त्या आवाजात ओरडलो.

"बाभळीच्या अलीकडं जो पाय टाकंल, त्याला गोळी! पहिली गोळी तुमाला, मामा!"

हे मी धमकी म्हणून म्हटलं नव्हतं. मी दुसऱ्या कुणाला आधी मारलं असतं तर लोक म्हणाले असते, नाईकाने आपला माणूस वाचवला, आणि मग ते थांबले नसते. माझी नळी मामांच्या छातीवर होती. ते बाभळीच्या अलीकडे आले असते तर मी चाप ओढला असता. हे मी आईलाही पुढे सांगितलं आहे.

मामांचा चेहरा पांढरा पडला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते, खाली बसलेल्या हवालदारांकडे आणि मग पायरीशी मांडलेल्या पेल्यांकडे पाहत होते.

"पण तुमी तर बसले व्हते!" ते म्हणाले. "म्या तिकडून पाह्यलं, बळी. तुमी समदे कॉपी पीत बसले व्हते. मला वाटलं, तू माहं ऐकलं. म्हणून तर आलो!"

मला त्या क्षणी समजलं. माझं 'नाही' हे त्यांनी वर्दीचं बोलणं मानलं होतं आणि आमचं बसणं हे भाच्याचं खरं उत्तर. मी म्हणालो, "आमी रोजच बसतो, मामा."

मामांनी काठी टाकली. वळून दोन्ही हात पसरले आणि लोकांवर ओरडले, "मागं व्हा! मागं व्हा म्हंतो ना! जा घरला!" पुढच्या एकाला त्यांनी ढकलून दिलं. थोडा वेळ गोंधळ झाला. मग ज्वारी हलली आणि माणसं आली तशी तिच्यात गेली. मामा गेले नाहीत. ते हवालदारांजवळ गुडघ्यावर बसले, फेटा सोडला आणि घडी करून त्यांच्या पोटावर दाबून धरला. मी पोचलो तेव्हा फेटा लाल झाला होता.

"हॅलो बेकर वन. हवालदार जखमी. गोळी पोटात. जमाव परतला. गोदाम सुरक्षित. लॉरी ताबडतोब पाठवा. ओव्हर."

लॉऱ्या दुपारच्या आधी आल्या. तोपर्यंत हवालदार शुद्धीत होते. मी विचारलं, पाणी ओठाला लावू का. ते म्हणाले, "अंदर सब ठीक?" मी म्हणालो, सगळे ठीक आहेत. मग त्यांनी विचारलं, "और वो?" मी म्हणालो, तोही. त्यांनी डोळे मिटले. त्यांना लॉरीत झोपवलं, मी शेजारी बसलो. हिंगोली दिसायला लागली होती, कयाधूच्या उतारावर लॉरी पाण्यात घातली, आणि पलीकडच्या काठावर चढलो तेव्हा ते गेले होते.

गोदामातली सगळी माणसं हिंगोलीला सुखरूप पोचली. मनियाराला मी स्वतः सिव्हिलच्या अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. तो एवढंच म्हणाला, "माझ्या डोक्याला बंदूक लावली व्हती, भाऊ." खरं असेल. खोटंही असेल. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं. ते इथे लिहायची गरज नाही. मामांना काही महिने तुरुंगात ठेवलं आणि सोडलं.

हवालदारांचं सामान कंपनीने कुर्गला घरी पाठवलं. फिल्टर मी माझ्या हाताने घासून त्यात ठेवला. नंतर मी कॉफीला शिवलो नाही. सेक्शनची परेडही बंद झाली. मला वाटायचं, त्या दिवशी आम्ही बसलो नसतो तर मामा आले नसते आणि हवालदार जगले असते. कितीतरी सकाळी मी हेच घोळवत उठलो. साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, जमाव त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी आला असता. त्यांचं म्हणणं पटलं, तरी कॉफी मी घेतली नाही.

पुढच्या वर्षी मला एक पार्सल आलं. आत कॉफीची पूड आणि तोच पितळी फिल्टर. चिठ्ठी नव्हती. त्यांच्या भावाने पाठवला होता, पत्त्यावरून कळलं. मी तो पिठूत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उकळलं. त्या दिवसापासून आजतागायत खंड नाही. पेन्शनवर घरी आलो, दादाच्या पडक्या घराच्या जागी घर बांधलं, वहिनीला आणि आईला परत आणलं. पूड संपली की टपालाने मागवतो. हिंगोलीच्या बाजारात आता मिळते, पण ती काही खरी नाही.

मामा माझ्या घरी बरीच वर्षं आले नाहीत. आईच्या तेराव्याला आले, तेव्हा खूप थकले होते. रात्री राहिले. सकाळी मी ओसरीवर फिल्टर मांडला तसे ते काठी टेकत येऊन समोर बसले. मी नको म्हटलं नाही. दुसरा पेला काढला. थेंब पडत होते. मी त्यांना परेड समजावली, थोडक्यात, जशी मला समजावली होती. आपल्या हातात नसलेली एक गोष्ट सांगायची आणि पेला खाली ठेवायचा.

मी माझी सांगितली. आई गेली. रखा.

मामांनी पेला दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून बसले. कढत होता, बोटं भाजत असणार.

"मला न्हाई ठेवता येत, बळी," ते म्हणाले. "ते तर माह्या हातात व्हतं."

मी त्यांच्या हातांवर माझा हात ठेवला. म्हणालो, "मग ठेवू नका, मामा. तसंच पिऊन घ्या. कॉफी निवून राहिली."

ते प्यायले. पुन्हा आले नाहीत. त्याच पावसाळ्यात गेले.

रोज सकाळी मी दोन पेले मांडतो. माझं सांगून होतं, मी ठेवतो, पितो. मग हवालदारांची पाळी. त्या सकाळी त्यांनी तोंड उघडलं होतं, ते काय खाली ठेवणार होते ते आम्हाला कधी कळलं नाही. म्हणून त्यांचा पेला मी जमिनीवर ठेवत नाही. मांडीवर हातात धरून बसतो, निवेपर्यंत.